मैत्रिणीची खोली

१

सकाळी ते घर उघडण्याचा संग्रहपाल बाईचा क्रम ठरलेला होता. आधी खिडक्या, मग पडदे, मग पलंग. कुलूप काढल्यावर ती क्षणभर उंबरठ्यावर थांबे, बंद घराचा वास अंगावरून जाऊ देई, आणि मगच आत पाऊल टाकी. इतक्या वर्षांत या क्रमात फरक पडला नव्हता, आणि तो पडू नये अशीच तिची इच्छा होती.

ते घर दोन बायकांनी स्वतःसाठी बांधले होते. एक घरे आखायची, दुसरी पुस्तके बांधायची. दोघींची नावे दर्शनी भिंतीवर कोरलेली होतीच. पण तिथे काम करणारी माणसे पहिलीला उंच बाई आणि दुसरीला ठेंगणी बाई असेच म्हणत, कारण आत शिरल्याबरोबर ध्यानात यायची ती उंचीच. जिन्याला एकाच बाजूने दोन कठडे होते, एकाखाली एक. न्हाणीघरात शेजारी शेजारी दोन बेसिने, त्यांतले एक दुसऱ्यापेक्षा बरेच खाली. मुख्य दारातून बाहेर डोकावायला दोन भोके. अभ्यासिकेतले मेज एकच, समोरासमोर बसण्याजोगे. पण त्याची एक बाजू दुसरीपेक्षा ठेंगणी, मध्ये नाजूक उतार. आपल्या माणसाचा हात कुठवर पोचतो, हे ज्याने रोज पाहिले आहे, त्यालाच असे घर आखता येते.

झोपण्याची खोली मात्र एकच होती आणि तिच्यात भिंतीतच बसवलेला एकच रुंद पलंग. त्या पलंगाला दोन उंची नव्हत्या. आडवे झाल्यावर त्यांची गरज पडत नाही.

घराचे संग्रहालय करायचे ठरले, तेव्हा विश्वस्तांच्या बैठकीत एका वयस्क गृहस्थांनी चष्मा पुसत विचारले होते, "आणि त्या दुसऱ्या बाई, त्या झोपायच्या कुठे?" कोणी काही बोलेना. उत्तर सगळ्यांना माहीत होते आणि नेमके तेच कोणाला उच्चारायचे नव्हते. शाळांच्या सहली येणार होत्या, कुटुंबे येणार होती. त्या शांततेत संग्रहपालच्या कानशिलांवर ऊन चढले. तिच्याकडे कोणी पाहतही नव्हते, तरी सगळे आपल्याकडेच पाहत आहेत अशा घाईने ती बोलून गेली, "वरच्या बांधणीच्या खोलीत एखादा पलंग टाकता येईल की."

"घ्या, सुटला प्रश्न," गृहस्थ म्हणाले आणि चहा आला.

मग पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा तळघरात गेला, खळीची भांडी काचेच्या कपाटात गेली आणि जुन्या बाजारातून आणलेला एक अरुंद लोखंडी पलंग वरच्या खोलीत येऊन बसला. दारात मखमली दोर लागला. दोराशेजारी पाटी लागली: मैत्रिणीची खोली.

एवढ्याने भागले नाही. पलंग दवाखान्यातल्यासारखा कोरडा दिसे. सहलीला आलेल्या पोरींतली एखादी चुरचुरीत पोरगी हमखास म्हणे, "इथे कोणी झोपलेलं वाटत नाही." म्हणून संग्रहपालने रोज सकाळी उशीला खळगा पाडायला सुरुवात केली. आधी कोपराने, मग तळहाताने, शेवटी एक कड किंचित ओढून. हे कसब ती कुठल्याही संस्थेत शिकली नव्हती. ते तिचे घरचे होते.

त्या सकाळी ती कोपर टेकवायला वाकली आणि तशीच थांबली. उशीत खळगा होता.

२

जिन्यावर साफसफाईच्या मावशी खालचा कठडा पुसत होत्या.

"मावशी, वरची उशी तुम्ही हलवलीत का?"

"मी कशाला हलवू? दोराच्या आत पाय टाकलात तर तंगडं मोडीन म्हणालात तुम्ही."

"असं मी कधी म्हटलं?"

"शब्द वेगळे असतील. डोळे हेच म्हणत होते."

"मग काल शेवटी आलेल्यांपैकी कोणी आत गेलं असेल."

"गेलं असेल," मावशींनी फडके झटकले. "चालून चालून पाय दुखतात माणसांचे. अख्ख्या घरात बसायला एक खुर्ची ठेवली नाहीत तुम्ही. पलंग दिसला की टेकणारच."

हे पटण्यासारखे होते, आणि संग्रहपालने ते पटवून घेतले. पण ती पुन्हा वर गेली. ती स्वतः खळगा नेहमी उशीच्या मधोमध पाडी. पाहणाऱ्याला दारातून दिसला पाहिजे हा त्याचा हेतू. हा खळगा भिंतीच्या बाजूला होता, खोल आणि तिरपा, दारातून दिसणारही नाही असा. क्षणभर टेकलेल्या पाहुण्याचे डोके असे रुतत नाही. कुशीवर वळून, भिंतीकडे तोंड करून, बराच वेळ पडून राहिलेल्या माणसाचे रुतते.

तिने त्यात हात ठेवला. उशी ऊबदार होती.

ऊन, हा पहिला विचार. पण ती खोली उत्तरेच्या उजेडाची होती. कागद पिवळे पडू नयेत म्हणून उंच बाईंनी तिथे थेट ऊन येऊच दिले नव्हते. गरम पाण्याची नळी, हा दुसरा विचार. पण घराचे नकाशे तिला पाठ होते आणि त्या भिंतीत नळी नव्हती. तिसरा विचार असा की, माणूस ज्या खोलीविषयी खोटे बोलतो, तिच्यात शिरताना त्याचे स्वतःचेच हात तापतात. या विचाराने तिला हसू आले आणि त्या हसण्यानेच जरा हायसे वाटले.

तिने उशी दोन्ही हातांनी थोपटून सपाट केली आणि मधोमध आपला नेहमीचा खळगा पाडला. तो पाडताना तिला विलक्षण ओशाळे वाटले. खोटा उठून दिसावा म्हणून आधी खरा पुसावा लागला होता.

३

तिच्या स्वतःच्या घरातही अशी एक खोली होती.

तिथे ती मास्तरबरोबर राहायची. मास्तर म्हणजे एका शाळेत गणित शिकवणारी बाई. चुकलेले गणित आणि चुकार बोलणे या दोन्हींकडे ती एकाच नजरेने पाही, म्हणून संग्रहपालने तिला ते नाव दिले होते. अंगाने चांगली उंचपुरी. पलंगावर आडवी झाली की तिची पावले बाहेर लोंबत आणि थंडीत त्यांच्यावर वेगळी शाल घालावी लागे. दोघींची खोली एक. दुसऱ्या, धाकट्या खोलीत इस्त्रीचे टेबल, बॅगा आणि अडगळ.

संग्रहपालची आई राहायला येणार असली की ती अडगळ माळ्यावर जाई आणि तिथे खाट पडे. मास्तरचा कंगवा, चष्म्याचे घर, अर्धवट वाचलेले पुस्तक उपडे, अशी मांडामांड होई. दोघी तिला नेपथ्य म्हणत. सुरुवातीची काही वर्षे त्यात गंमतही होती. "चपला जरा तिरक्या ठेव," मास्तर सांगायची, "सरळ चपला फक्त खोटारड्यांच्या असतात." उशीचा खळगा संग्रहपालकडे असे. तिचा हात त्यात बसलेला होता.

"आई रविवारी येतेय," ती त्या संध्याकाळी म्हणाली.

मास्तर पेपर तपासत होती. "बरं."

"आठवडाभर राहील म्हणते."

"राहू दे की."

"अशी काय बोलतेस?"

"कशी बोलतेय? राहू दे म्हणतेय." लाल पेन थांबले. "या वेळी सांगशील त्यांना?"

"बघू."

"तुझं बघू म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. फळ्यावर लिहून दाखवू?"

"तिचं वय झालंय गं आता."

"माझंही होतंय." मास्तरने पेपरांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि चष्मा काढला. चष्म्याशिवाय तिचा चेहरा नेहमीच जरा निराधार दिसे. "एक सांगू? हसणार नसशील तर. मागच्या वेळी मला त्या खोलीत छान झोप लागली. आधी कधी लागायची नाही. भिंतीकडे तोंड केलं की बरं वाटायचं. तुझी आई गेली, तू मला हाक मारलीस, तर उठावंसंच वाटेना."

"दमली असशील."

"दमणं मला ओळखता येतं. हे निराळं होतं." ती थोडी थांबली. "या वेळी आत गेले तर परत बाहेर येईन की नाही, खरंच सांगता येत नाही मला. म्हणून विचारतेय, सांगशील का."

"काहीतरीच तुझं," संग्रहपाल म्हणाली. तिला खरे तर तिचा हात धरायचा होता. पण हात धरला असता तर उत्तर द्यावे लागले असते. म्हणून ती उठली आणि धाकट्या खोलीतल्या बॅगा माळ्यावर टाकायला लागली.

४

घरांविषयीच्या गोष्टींत नेहमी कोणीतरी परत येते. मेलेली सासू, रुसलेला भाऊ, जागा सोडवत नसलेला मालक. संग्रहपालला अशा गोष्टींची चांगली जाण होती, आणि म्हणूनच आपल्याकडे घडते आहे ते त्यांत बसत नाही हेही तिला कळत होते. ठेंगण्या बाई त्या खोलीत कधी झोपल्याच नव्हत्या. ज्या जागी माणूस कधी झोपला नाही, तिथे तो झोपायला परत कसा येईल?

पण खळगा रोज असे. भिंतीच्या बाजूला, तिरपा, ऊबदार. ती रोज तो पुसे आणि आपला पाडी.

दुपारी संग्रहालय रिकामे असताना ती अभ्यासिकेतल्या मेजाशी बसून टिपणे काढी. वरची खोली बरोबर तिच्या डोक्यावर होती. एका दुपारी तिथून लोखंडी स्प्रिंगांची करकर ऐकू आली. मोठी नव्हती, झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तेवढीच. ती उठून जिना चढेपर्यंत आवाज थांबलेला असे. खाली येऊन बसली की काही वेळाने पुन्हा तीच कूस. हवा बदलली की लाकूड फुगते आणि आकसते, लोखंडही तसेच; तिने हे स्वतःला नीट समजावले. पण लाकूड आणि लोखंड उसासा टाकत नाहीत.

एकदा तिने दारावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी चिठ्ठी लावली आणि दिवसभर त्या खोलीत कोणाला जाऊ दिले नाही, स्वतःही गेली नाही. संध्याकाळी दार उघडले तर आत खळीचा ओला वास होता. काचेच्या कपाटातली भांडी कोरडी ठणठणीत होती. घोंगडीवर डोक्यापासून खाली एक उथळ घळ पडली होती, खांदा, कंबर, गुडघे, आणि पलंगाच्या अर्ध्याहून जरा पुढे ती घळ संपत होती. तिथे दोन लहान टाचांचे ठसे होते.

त्या क्षणी पलंग काढून टाकणे अगदी सोपे होते. विश्वस्तांना एक निरोप पुरला असता. पण पलंग काढायचा तर कारण द्यावे लागणार. कारण दिले की प्रश्न येणार, मग त्या झोपायच्या कुठे? तो प्रश्न आला की पुन्हा ती शांतता, आणि कानशिलांवर चढणारे ते ऊन. पलंगावर कोण झोपते याच्या भीतीपेक्षा ही भीती तिला मोठी वाटली. हे तिच्या लक्षात आले आणि तिने मान खाली घातली. खोलीत तिच्याशिवाय कोणीच नव्हते, तरीही.

घोंगडी ओढून तिने घळ सपाट केली.

५

"एवढं मोठं घर आणि पायपुसणं एक नाही," आई दारातच म्हणाली.

"आई, हे संग्रहालय आहे."

"मग काय, संग्रहालयात पाय मळत नाहीत?"

तिला लेकीचे कामाचे ठिकाण पाहायचे होते आणि मास्तरनेही सोबत यावे हा तिचाच हट्ट. "येऊ दे बिचारीला. मी आल्यापासून नुसती खोलीत बसून असते. जेवायला बोलावलं तरी दार वाजवावं लागतं." हे खरे होते. त्या दिवसांत मास्तर घरात पाहुण्यासारखी वागत होती. मागितल्याशिवाय पाणीही घेत नव्हती.

आईला दोन बेसिने आवडली. दारातल्या दोन्ही भोकांतून तिने आळीपाळीने बाहेर पाहून घेतले, वरच्यासाठी चवड्यांवर उभी राहून आणि खालच्यासाठी वाकून. मग झोपण्याच्या खोलीत येऊन पलंगाकडे बघत ती थांबली.

"ऐसपैस आहे चांगला. एकटीला एवढा?"

"उंच होत्या ना त्या."

"उंच माणूस लांबीला वाढतं गं, रुंदीला नाही."

मास्तर हसली. कितीतरी दिवसांनी तिचे हसू ऐकून संग्रहपालला बरे वाटले, आणि लगेच त्या बरे वाटण्याची भीतीही वाटली, आईच्या नजरेला काही पडेल म्हणून.

वरच्या खोलीशी आईने पाटी मोठ्याने वाचली. "मैत्रिणीची खोली." दोराला पोट टेकवून तिने तो अरुंद पलंग न्याहाळला. "दिवसभर इथंच काम आणि रात्री इथंच झोपणं? मग दोघींनी मिळून घर बांधायचा खटाटोप कशाला केला? भाड्यानं नसती राहिली ती?"

संग्रहपालने दोर उगाच नीट केला.

"काय गं," आई कोणाकडेच न बघता म्हणाली, चहात साखर किती घालू असे विचारावे तशा आवाजात, "तुम्ही दोघी राहता, तशाच राहायच्या का या?"

सामान घेऊन येणाऱ्यासाठी कोणी दार पायाने अडवून उघडे धरावे, तसा तो प्रश्न होता. संग्रहपालला तो उघडेपणा स्वच्छ दिसला. मास्तर खिडकीकडे पाहत होती; तिच्या मानेची शीर ताठ झाली होती. खालून मावशींची बादली वाजत होती, तीही थांबली. एक हो म्हणायचे होते. त्याला श्वाससुद्धा पुरेसा होता.

"नाही गं आई," ती म्हणाली. "तसं काही नाही. या नुसत्या मैत्रिणी होत्या. आणि आम्ही काय, सोयीसाठी राहतो."

आईने मान हलवली. पाय मागे घेतला जावा, आणि दार आपल्या वजनाने लागावे, तशी.

मास्तर वळली. तिने मखमली दोर उचलला, वाकून त्याखालून आत गेली आणि पलंगावर बसली.

"अगं, चालतं का असं बसलेलं?" आईने विचारले.

"चालतं, आई," मास्तर म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. बऱ्याच वेळाने बसायला मिळालेल्या माणसाचा सुस्कारा होता. "ही माझीच खोली आहे."

आई थट्टा समजून हसली. संग्रहपालला हसता आले नाही. पलंग ठेंगणा होता. त्यावर बसले की तिचे स्वतःचे गुडघे पोटाशी येत. मास्तर तर तिच्याहून कितीतरी उंच. पण त्या पलंगाच्या कडेवर बसलेल्या मास्तरची पावले जमिनीला टेकली नव्हती. लहान मुलीच्या पावलांसारखी ती अधांतरी, हळूहळू हलत होती.

६

आई गेली त्या दिवशी संग्रहपाल तिला गाडीत बसवून परस्पर कामावर गेली आणि संध्याकाळी परतली. धाकट्या खोलीचे दार लोटलेले होते.

"मास्तर, चल. नेपथ्य आवरू."

"राहू दे ना आज," आतून आवाज आला. "डोळा लागतोय."

"जेवण?"

"मी घेईन नंतर. आई गेल्या का?"

"गेली. सकाळीच."

"बरं," आवाज म्हणाला, आणि स्प्रिंगा करकरल्या. त्यांच्या खाटेला स्प्रिंगा नव्हत्या. ती साधी लाकडी होती. हे संग्रहपालला ताट वाढून घेतल्यावर सुचले, आणि तिने ताट तसेच झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशीही तेच झाले, तिसऱ्याही. मास्तर भल्या सकाळी शाळेला निघून जाई आणि संग्रहपाल परतण्याआधी येऊन दार लोटून घेई. दाराआडून बोलणे नीट होई. शाळेचे, पेपरांचे, उद्याच्या भाजीचे. भांडण नव्हते. भांडण असते तर ते मिटवता आले असते. संग्रहपालने अनेकदा दारावर हात ठेवला, पण लोटला नाही. लोटल्यावर पहिले वाक्य तिला बोलावे लागणार होते आणि ते कोणते, हे तिला पक्के ठाऊक होते.

मग तिला बेसिनपुढे स्टूल दिसले. पंखा पुसायला वापरायचे, एरवी गॅलरीत पडून असायचे ते. तिने ते उचलून जागेवर ठेवले. सकाळी ते पुन्हा बेसिनपुढे होते, त्यावर ओल्या पावलांचे ठसे. संध्याकाळी ते स्वयंपाकघरात फडताळाखाली. त्या फडताळाचा वरचा कप्पा मास्तरचा. तिथला डबा तिच्याशिवाय कोणाच्याच हाताला लागत नसे, आणि त्यावरून ती संग्रहपालला चिडवत आली होती.

आरसाही खाली आला होता. खिळा तोच, दोरी वाढवलेली.

त्याच आठवड्यात संग्रहालयातली उशी सपाट राहू लागली. पहिल्या सकाळी संग्रहपालला हायसे वाटले. दुसऱ्या सकाळी तिने हात ठेवून पाहिला. उशी गार होती, दुकानातल्यासारखी. वरून करकर नाही, खळीचा वास नाही. ती त्या रिकाम्या पलंगासमोर दोर धरून उभी राहिली. इथे जे कोणी होते ते आता इथे नाही, एवढे उघड होते. ते कुठे गेले असेल याचा विचार तिने मनात येऊ दिला नाही. तो आपोआप आला.

"मावशी," ती खाली जाऊन म्हणाली, "हातोडा आहे का? वरचा पलंग काढायचाय."

"आजच? आणि विश्वस्त विचारतील त्यांना काय सांगायचं?"

"की त्या दोघी खालच्या पलंगावर झोपायच्या."

मावशींनी फडके पिळले. "हातोडा जिन्याखाली आहे," एवढेच त्या म्हणाल्या.

पलंग सुटा करून त्याचे भाग तळघरात नेईपर्यंत दोघींना घाम फुटला. पाटी संग्रहपालने स्वतः उपटली. मागे चार भोके राहिली. दुपारी आलेल्या एका कुटुंबाला तिने रुंद पलंगाशी नेऊन सांगितले, की हे घर दोघींचे होते आणि हा त्यांचा पलंग. बाप खिडकीबाहेर पाहू लागला. मुलीने विचारले, "मग रोज कुठली बाजू कोणी घ्यायची, हे यांनी ठरवलेलं असायचं?" संग्रहपाल म्हणाली, ठरवावे लागत नाही, ते होते आपोआप. बोलून झाल्यावर तिला आढळले की काहीच कोसळले नव्हते. छप्पर जागेवर होते. या गोष्टीनेच तिला सर्वांत जास्त लाज वाटली.

ती वेळेआधी निघाली.

७

घरी उजेड होता. पश्चिमेचे ऊन बैठकीतून थेट धाकट्या खोलीच्या दारापर्यंत पोचले होते. दार लोटलेलेच. आत जाण्याआधी एक गोष्ट करायला हवी, नाहीतर आत बोलायला तोंड राहणार नाही, असे तिला वाटले. आणि चप्पलही न काढता तिने आईला फोन लावला.

"आई, त्या दिवशी तू तिथे विचारलं होतंस ना."

"विचारलं होतं."

"त्याचं उत्तर हो आहे."

पलीकडे भांडे खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"आई?"

"आहे गं, आहे. मला माहीत होतं." आईचा आवाज घोगरा झाला होता. "एकदा आले त्याच दुपारी तिच्या त्या खाटेवर आडवी झाले होते मी. उशीला माणसाचा वास नव्हता. नुसता साबणाचा. तेव्हाच कळलं. किती वर्षं झाली त्याला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. परवा म्हटलं, आता आपणच विचारावं. तर तू तिच्यासमोर नाही म्हणालीस. माझ्यासमोर म्हणालीस त्याचं काही नाही. पण तिचा चेहरा बघवेना मला. गाडीत बसल्यावरही तोच दिसत होता." आईने नाक ओढले. "बोलायचं असेल ते आपण मागाहून बोलू. आधी दे तिला फोन. मला तिच्याशी बोलायचंय."

"आई, ती..."

"दे म्हणते ना."

संग्रहपालने दारावर हात ठेवला आणि या वेळी लोटला.

खोली होती त्याहून अरुंद वाटली. हवेत ओल्या खळीचा वास होता. खाटेवर कोणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपले होते. घोंगडी खांद्यापर्यंत ओढलेली. केस मास्तरचे होते, मानेवर कातरलेले, पांढरे-काळे. कानामागचा चष्म्याच्या काडीचा वळही तिचाच. संग्रहपालची नजर खांद्यावरून कमरेवर, कमरेवरून गुडघ्यांवर उतरली, आणि पुढे घोंगडीखाली काहीच नव्हते. खाटेच्या अर्ध्याहून जरा पुढे अंग संपत होते. त्यापलीकडची चादर सपाट, नीट खोचलेली, आणि कडेबाहेर, जिथे इतकी वर्षे दोन पावले लोंबायची, तिथे पश्चिमेचे ऊन जमिनीवर पडले होते.

"मास्तर," ती म्हणाली, "आईला सांगितलं मी."

खांदा हलला नाही.

"सगळं सांगितलं. तिला बोलायचंय तुझ्याशी. ऐकतेस ना?"

"आई गेल्या का?" भिंतीकडून आवाज आला. मास्तरचाच आवाज, पण फार दबलेला. शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून दबवलेला.

"अगं, फोनवर आहे ती. हा घे."

फोनमधून आईची हाक स्पष्ट ऐकू आली. "बोल ना गं बाळा. मी आहे."

भिंतीकडचे डोके उशीवर किंचित उचलले गेले. आता ते वळणार होते. गालाची कड दिसू लागली, मग कानशील. आणि त्या हळूहळू इकडे येणाऱ्या चेहऱ्यात संग्रहपालला काय दिसले, ते तिचे तिलाही पुढे कधी सांगता आले नाही. आईची हाक पुन्हा आली. त्याच क्षणी, तिने ठरवण्याआधीच, मोकळा तळहात उठला आणि फोनवर घट्ट बसला.

आई ऐकेल, एवढेच तिच्या मनात आले होते.

चेहरा थांबला. जितका वळला होता तितकाच, सावकाश, परत भिंतीकडे गेला. घोंगडी खांद्यावर ओढली गेली.

संग्रहपालने हात काढायचा प्रयत्न केला. तळहाताखाली आईचा आवाज थरथरत राहिला, कोंडलेला, ऊबदार, एकच हाक पुन्हा पुन्हा मारणारा. आणि तिची बोटे, जणू कोणी दुसऱ्याचीच असावीत तशी, फोनभोवती आणखी आवळत गेली.